लिस्बनमध्ये अर्धा दिवस पायी: खासगी गाईड, ‘फ्री’ टूर की आपलं आपण?

लिस्बनला जाणारे ओळखीचे लोक मला हमखास विचारतात, की तिथे पायी फिरायला तीन-चार तासच आहेत, तर खासगी गाईड घ्यावा का? टिपवर चालणाऱ्या ‘फ्री’ ग्रुप टूर आहेत, मोबाइलवर ऐकायचे ऑडिओ गाईड आहेत, नकाशा तर प्रत्येकाच्या हातात आहे. मग शे-दीडशे युरो कशाला घालवायचे?

शहराचा भाग बदलला की माझं उत्तर बदलतं. बायशा आणि अल्फामा या मध्यवस्तीसाठी खासगी गाईड घ्या, पैसे सत्कारणी लागतील. पश्चिमेकडच्या बेलेमला मात्र आपलं आपण जा. बेलेममध्ये जे पाहायचं ते दगडात बांधलेलं समोर उभं आहे. मध्यवस्तीत जे समजून घ्यायचं त्यातलं निम्मं आता जागेवरच नाही. ते कुणीतरी दाखवावं लागतं.

१ नोव्हेंबर १७५५ ला, ऑल सेंट्स डेच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास लिस्बनमध्ये प्रचंड भूकंप झाला. सणाचा दिवस, चर्च माणसांनी भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. आधी इमारती कोसळल्या, मग नदीच्या बाजूने लाटा शहरात शिरल्या आणि त्यातून जे वाचलं ते पुढे कित्येक दिवस आगीत जळत राहिलं. आज बायशात आपण सरळ रेषेत आखलेले रस्ते आणि एकसारख्या इमारती पाहतो, ते राजाचा मंत्री पोम्बालचा मार्क्विस याने भूकंपानंतर नव्याने वसवलेलं शहर आहे. त्या इमारतींच्या भिंतींत लाकडी पिंजरा बसवलेला आहे, म्हणजे जमीन हलली तरी सांगाडा लवचीक राहून टिकावा. खालच्या ओल्या जमिनीत पाइनचे खुंट ठोकले आहेत. हे दोन्ही रस्त्यावरून दिसत नाही. नुसतं चालत गेलात तर बायशा म्हणजे दुकानांचा सुबक बाजार वाटतो, आणि त्यात काहीच चूक नाही, कारण डोळ्यांना तेवढंच दिसतं.

नदीकाठच्या प्रासा दो कोमेर्सियो या चौकातही तसंच. पिवळ्या कमानी, मध्ये घोड्यावर बसलेला राजा जुझे पहिला, समोर तेजो नदीचं विस्तीर्ण पात्र. फोटो सुंदर येतात. पण १७५५ पर्यंत इथे राजवाडा होता आणि त्या वाड्याच्या आवारात ‘कासा दा इंडिया’ होती, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरून निघालेल्या मिरी-मसाल्याचा हिशेब ठेवणारी कचेरी. गोवा, चौल, वसई, दीव या ठाण्यांच्या कारभाराचे धागे या एका जागेशी येऊन मिळत. वाडा गेला, कचेरी गेली, कागदपत्रंही गेली. मुंबई ज्या राजकन्येच्या लग्नाच्या करारात १६६१ साली इंग्रजांना मिळाली, ती ब्रागांझाची कॅथरिन दुसऱ्या वर्षी लिस्बनहूनच इंग्लंडला निघाली. चौकात उभं राहून हे कुणी सांगितलं, की त्या मोकळ्या जागेकडे आपण वेगळ्या नजरेने पाहतो. ग्रुप टूरमध्ये पंचवीस-तीस माणसं असतात. त्यात ब्राझीलचे, जर्मनीचे, अमेरिकेचे लोक. गाईड त्यांच्यापुढे वसईचा विषय का काढेल? त्याला सगळ्यांना धरून ठेवायचं असतं. खासगी टूरचा माझ्या लेखी सगळ्यात मोठा फायदा हा, की तुमचे प्रश्न म्हणजेच टूर.

चौकातून पूर्वेला पाच-सात मिनिटं चाललं की ‘कासा दोस बिकोस’ लागतं. दर्शनी भिंतीवर हिऱ्यासारख्या टोकदार दगडांच्या रांगा, सूर्य फिरेल तशा त्यांच्या सावल्या सरकतात. इथे निवांत थांबा. हे घर १५२३ च्या सुमारास ब्राश द आल्बुकर्कने बांधलं. ज्याने १५१० मध्ये गोवा घेतला त्या आफोंसो द आल्बुकर्कचा हा मुलगा. भूकंपात वरचे दोन मजले पडले आणि १९८० च्या दशकात जुन्या चित्रांच्या आधाराने पुन्हा उभारले गेले. खाली जुनं, वर नवं. खिडक्यांकडे नीट पाहिलं तर हा फरक लक्षात येतो, पण ‘इथे बघा’ म्हणून कुणी बोट दाखवलं तरच. तळमजल्यावर रोमन काळात मासे खारवण्यासाठी बांधलेल्या टाक्यांचे अवशेष आहेत. आता या घरात नोबेल मिळवणारे लेखक जुझे सारामागो यांच्या नावाची संस्था आहे आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांच्या अस्थी पुरल्या आहेत. एका घरापाशी रोमन, गोवा, भूकंप आणि विसावं शतक असं सगळं एकत्र भेटतं, आणि घाईतला ग्रुप दोन मिनिटांत पुढे सरकतो.

रोसियो चौकाबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. लाटांच्या नक्षीची काळी-पांढरी फरसबंदी आणि उत्तरेला खांबांचं देखणं नाट्यगृह. त्या नाट्यगृहाच्या जागी आधी इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मचौकशीचा, वाडा होता. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडता, जी धर्मचौकशी चालली, तिची दोरी याच शहरातून हलत होती. शेजारच्या सांव दोमिंगोस चर्चसमोर १५०६ सालच्या ज्यूंच्या कत्तलीचं स्मारक आहे. चर्चच्या आत शिराच. १९५९ च्या आगीत तडकलेले, काळवंडलेले दगडी खांब तसेच ठेवले आहेत. या गोष्टी सांगताना कुठला गाईड थांबतो आणि कुठला ‘शोधांचं सुवर्णयुग’ म्हणत पुढे जातो, यावरून गाईडची पारख होते. मला पहिल्या प्रकारचा गाईड हवा असतो आणि त्यासाठी मी जास्त पैसे द्यायला तयार असते.

आता ‘फ्री’ टूरची बाजू. ती मुळीच टाकाऊ नाही. अडीच-तीन तासांत शहराची चौकट कळते, गाईड बहुतेक तरुण आणि बोलके असतात आणि एकट्याने फिरणाऱ्याला सोबत मिळते. एकटे किंवा दोघंच असाल, वय तरुण, इंग्रजी सहज समजतं आणि इतिहासात फार खोल जायचं नाही, तर हीच घ्या. नावात फुकट असलं तरी माणशी दहा-पंधरा युरो देण्याचा रिवाज आहे आणि तो पाळावा. काही कंपन्या गाईडकडून माणसागणिक पैसे कापून घेतात, त्यामुळे शेवटी हळूच निघून जाणारा पर्यटक त्या गाईडच्या खिशातूनच फिरलेला असतो.

पैशाचा हिशेब मांडून बघितला तर फरक वाटतो तेवढा नसतो. खासगी टूरचा दर बहुधा डोक्यावर नसतो, पूर्ण गटाचा असतो. समजा गाईडने तीन तासांचे दीडशे युरो सांगितले. दोघांना ते पंच्याहत्तर-पंच्याहत्तर पडतात, आणि ते महागच आहे. पण आई-वडील, सासू-सासरे आणि तुम्ही दोघं असे सहा जण असाल तर माणशी पंचवीस. ‘फ्री’ टूरला सहा जणांची टीप साठ ते नव्वद युरो होतेच. वरच्या साठ-नव्वद युरोंत तुम्हाला स्वतःचा वेग, स्वतःचा रस्ता आणि स्वतःचे प्रश्न मिळतात. चारपेक्षा जास्त माणसं असतील तर मी दुसरा विचारच करणार नाही.

वेगाचा मुद्दा आपल्या घरच्या मंडळींबरोबर फार महत्त्वाचा ठरतो. गाईड इंग्रजीत बोलणार. दर चार वाक्यांनी थांबून आईला मराठीत सांगायचं असतं आणि आई त्यावर हमखास एक नेमका प्रश्न विचारते. ग्रुपमध्ये तुम्ही कुजबुजत सांगेपर्यंत गाईडने उंच धरलेली छत्री पुढच्या वळणावर गेलेली असते. खासगी गाईड थांबतो, आईच्या प्रश्नाची वाट बघतो आणि चांगला असेल तर पुढची गोष्ट तिच्याकडे बघून सांगतो.

चढाचंही तेच. लिस्बन टेकड्यांवरचं शहर आहे आणि फुटपाथवरचे छोटे चुनखडीचे दगड वर्षानुवर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले आहेत. पाऊस पडला की चांगली पकड असलेले बूटही सरकतात. बायशातून टेकडीवरच्या किल्ल्याच्या दिशेने वर जायला फुकट लिफ्ट आहेत. पहिली रुआ दोस फांकेरोस या रस्त्यावरच्या एका साध्या इमारतीतून वर नेते, दुसरी थोडं पुढे शांव दो लोरेरो इथे. बाहेरून पाहून इथे लिफ्ट असेल असं वाटतही नाही. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर गाईडला आधीच कळवा: लिफ्टने वर नेऊन पोर्तास दो सोलच्या सज्जापासून, म्हणजे उंचावरून शहर पाहायच्या मोकळ्या जागेपासून, सुरुवात करा आणि अल्फामा उतरत दाखवा. पिवळी अठ्ठावीस नंबरची ट्रामही वर जाते, पण तिच्यात गर्दी असते आणि खिसेकापूंसाठी ती बदनाम आहे. मी वयस्कर माणसांना तिच्या भरवशावर ठेवणार नाही.

अल्फामा मात्र असा भाग आहे, जिथे गाईडशिवायही मन रमतं. खडकावर वसल्यामुळे भूकंपातून हा मोहल्ला बराचसा वाचला, म्हणून इथल्या गल्ल्या अजून मूरांच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम राज्यकर्त्यांच्या, काळासारख्या वाकड्यातिकड्या आहेत. खिडकीत वाळत घातलेले कपडे, दारात भाजत ठेवलेले सार्डिन, भिंतींवर निळ्या टाइल्स. इथे वाट चुकण्यातच मजा आहे आणि चुकलात तरी उताराने गेलं की नदी लागतेच. सांता लुझियाच्या सज्जाशेजारी चर्चच्या भिंतीवर टाइल्सचं एक मोठं चित्र आहे, त्यात भूकंपाच्या आधीचा तो नदीकाठचा चौक राजवाड्यासकट दिसतो. खासगी टूर घेतली तरी गाईडला अल्फामाच्या मध्यावर निरोप द्या आणि पुढचा तास स्वतःसाठी ठेवा.

बेलेम मध्यवस्तीपासून सहाएक किलोमीटर पश्चिमेला आहे. पंधरा नंबरची ट्राम जाते. जेरोनिमोस मठ, शोधयात्रांचं स्मारक आणि बेलेमचा बुरूज एकमेकांपासून पायी अंतरावर, पण मधली मोकळी जागा बरीच आणि उन्हाळ्यात सावली कमी. निम्मा वेळ रांगेत जातो. तासावर पैसे घेणाऱ्या गाईडला रांगेत उभं करण्यात अर्थ नाही. फलक ठीकठाक आहेत आणि ऑडिओ गाईड पुरतो.

तिथे काय चुकवू नये एवढंच सांगते. जेरोनिमोसच्या चर्चमध्ये शिरल्याबरोबर डावीकडे वास्को द गामाची कबर, उजवीकडे महाकवी कामोइंशची. गामा १५२४ मध्ये कोचीला वारला आणि आधी तिथेच पुरला गेला. पुढे वेदीजवळ गेलात तर राजांच्या कबरी संगमरवरी हत्तींच्या पाठीवर पेललेल्या दिसतील. हिंदुस्थानच्या व्यापारावर उभं राहिलेलं वैभव इतक्या उघडपणे दुसरीकडे क्वचित सांगितलेलं असेल.

आणि बुरुजाच्या पश्चिमेकडच्या एका छोट्या मनोऱ्याच्या पायाशी, झिजून गेलेलं गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. गुजरातच्या सुलतानाने आल्बुकर्कला गेंडा भेट दिला, त्याने तो गोव्याहून जहाजाने राजाकडे धाडला आणि मे १५१५ मध्ये तो लिस्बनला उतरला. राजवाड्याच्या आवारात त्याची हत्तीशी झुंज लावली, तेव्हा हत्तीच पळाला. पुढे पोपला भेट म्हणून पाठवताना जहाज इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडालं आणि गेंडाही बुडाला. जर्मन चित्रकार ड्यूररने या गेंड्याचं प्रसिद्ध चित्र काढलं, तेही स्वतः न पाहता, वर्णनावरून. बुरुजाच्या आत जाता आलं नाही तरी हे डोकं बाहेरून शोधा. दुर्बीण किंवा मोबाइलचा झूम लागेल.

गाईड ठरवताना रेटिंगचे तारे बघण्यापेक्षा एक छोटा मेसेज पाठवा: आम्ही महाराष्ट्रातून येतोय, आम्हाला गोवा, वसई, चौल आणि मुंबईशी जोडलेलं लिस्बन बघायचं आहे, इन्क्विझिशनबद्दलही ऐकायचं आहे, बरोबर सत्तरीतली दोन माणसं आहेत. उत्तरात ठरावीक मार्ग चिकटवून पाठवला तर पुढचा गाईड बघा. ‘मग आपण कासा दोस बिकोसपाशी जास्त थांबू, किल्ला सोडून देऊ’ असं काही आलं तर त्याच्याकडेच बुकिंग करा. किल्ल्याचं तिकीट, कॉफी आणि ट्राम दरात धरलेले आहेत का, आणि वेळ वाढला तर पुढच्या तासाचे किती, हेही आधीच लिहून घ्या.

पूर्ण दिवस असेल तर सकाळी नऊला मध्यवस्तीत खासगी टूर, दुपारी बेलेम. फक्त अर्धाच दिवस असेल तर मी बेलेम सोडेन, गेंड्यासकट. आणि जेरोनिमोस सोमवारी बंद असतो, तेव्हा लिस्बनमधला तुमचा एकुलता एक दिवस सोमवार असेल तर प्रश्न आपोआप सुटला: तो दिवस बायशा आणि अल्फामाचा.