घरावर प्रसंग आलाय? मग परिवर्तन शिष्यवृत्तीचा फॉर्म आधी भरा

सांगलीत विश्रामबागला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. बारावीचा निकाल लागला की महाडीबीटीच्या (सरकारी शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलच्या) जोडीला कंपन्यांच्या शिष्यवृत्त्यांचे फॉर्मही माझ्याकडे भरले जातात. कुठला भरावा, हे सगळेच विचारतात, म्हणून लिहितेय.

एचडीएफसी बँकेच्या परिवर्तन शिष्यवृत्तीला माझा पहिला नंबर. अट घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आणि मागच्या परीक्षेला 55 टक्के. गेल्या तीन वर्षांत घरावर काही कोसळलं असेल, कर्ता माणूस गेला, मोठं आजारपण आलं, काम सुटलं, तर त्याचा वेगळा विचार होतो. नव्वद टक्केवाल्यांना विचारणारे पुष्कळ असतात. पंचावन्नवाल्याला कोण विचारतं?

मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे एक हमाल गेले. मुलगा डिप्लोमाला होता, तो कॉलेज सोडून कामाला लागायच्या बेतात. आई त्याला घेऊन दुकानात आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, त्याच्या घडीत मृत्यूचा दाखला. मी तो स्कॅन करत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्या कागदाचा पोराला उपेग हुईल आसं वाटलं न्हवतं ओ ताई." त्या वर्षी डिप्लोमाला 18 हजार होते, साध्या पदवीला 30 आणि इंजिनीअरिंगसारख्या कोर्सला 50 हजार. पैसे खात्यावर आले, मेसची थकबाकी भागली, पोरगा आज शेवटच्या वर्षाला आहे.

मुलीला बारावीला 75 टक्क्यांच्या वर असतील, घरचं उत्पन्न सहा लाखांच्या आत असेल आणि इंजिनीअरिंग, मेडिकल, फार्मसी असल्या कोर्सला चांगलं मानांकन असलेल्या कॉलेजात प्रवेश मिळाला असेल, तर कोटक कन्या शिष्यवृत्ती सोडू नका. वर्षाला दीड लाख, तेही कोर्स संपेपर्यंत. रिलायन्स फाउंडेशनची कुठल्याही शाखेच्या पहिल्या वर्षाला चालते, पूर्ण पदवीला मिळून दोन लाखांपर्यंत. तिला ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते, तेव्हा रेंजचा भरवसा असेल तिथे बसा.

"मुलींची फी माफच आहे, मग हे कशाला?" असं बरेच वडील म्हणतात. 2024-25 पासून आठ लाखांच्या आतल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली, हे खरं. पण खोलीचं भाडं, मेस, एसटीचा पास, लॅपटॉप हे घरातूनच जातं, आणि पोरी घरी बसतात त्या बहुतेक ह्याच खर्चापायी.

दुसरे काही पालक "कंपनीपुढे हात कशाला पसरायचा" म्हणून माघारी जातात. अहो, कंपनी कायद्याच्या 135व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले निदान दोन टक्के समाजासाठी खर्च करावेच लागतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता राग येतो ते. एका कंपनीने (नाव घेत नाही) निवड जूनमध्ये कळवली आणि पैसे दिले मार्चमध्ये. मेसवाल्या काकू मार्चपर्यंत थांबत नाहीत, त्यांनाही किराणा भरायचा असतो. तासगावकडच्या त्या मुलीच्या घरच्यांनी मधल्या काळात सावकाराकडून उचल घेतली, आणि शिष्यवृत्तीतला मोठा हिस्सा व्याजात गेला. कंपन्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, रक्कम थोडी कमी द्या, पण जुलैत द्या. आणि फॉर्म मराठीतही ठेवा. आईला वाचता आला तर चुका निम्म्याने कमी होतील.

येताना आधार, पासबुक, मार्कलिस्ट, बोनाफाईड, फीची पावती आणि उत्पन्नाचा दाखला आणा. परिवर्तनला ग्रामपंचायतीचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्रही चाललेलं आहे, त्यामुळे तहसीलच्या दाखल्यावाचून अडून बसू नका. पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का, तेवढं घरीच बघून या.