पाचपैकी दोन तारे, तेही विमानाच्या मागच्या गॅलीतल्या (खाणंपिणं ठेवतात तिथल्या) त्या दोन मुलींना

विमान कंपनीचं नाव घेत नाही, तक्रार अजून चालू आहे. मुंबई ते टोरांटो, मधे आखातात सहा तासांचा थांबा. आम्ही चौघं: मी, नवरा, सहा वर्षांचा थोरला आणि दहा महिन्यांची धाकटी. कोल्हापूरचं बिऱ्हाड उचलून कायमचे कॅनडाला निघालो होतो. हे मुद्दाम सांगते, कारण नुसतं फिरायला जाणाऱ्याला हीच कंपनी झकास वाटेल. जेवण गरम, ब्लँकेट जाड, पडद्यावर बघून संपणार नाहीत इतके सिनेमे. पण लहान पोरं आणि माणशी तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन निघालेल्याला सिनेमे काय करायचेत? तिकीट काढताना जे कबूल केलं ते काउंटरवर पाळलं, की त्याचं भागतं. नेमकं तेच इथे होत नाही.

बॅसिनेटची, म्हणजे समोरच्या भिंतीला अडकवतात त्या पाळण्याची जागा मी फोनवर मागून घेतली होती. चौघांच्या सीटा एकत्र, असा ईमेलही आला होता. मुंबईत काउंटरवर बोर्डिंग पास हातात पडले तर आम्ही २१ व्या रांगेत आणि थोरला एकटा ३८ मध्ये. दोन्ही विमानांत तेच. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, सिस्टमने टाकलंय. शेजारी हवी असेल तर सीटचे पैसे पडतील."

सहा वर्षांच्या पोराला सतरा रांगा मागे बसवायचं आणि वर पैसेही मागायचे! नवऱ्याने शांतपणे मोबाइल काढला. कॅनडाला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांना डिसेंबर २०१९ पासून नियम लागू आहे, तो मुलं घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावा. पाच वर्षांखालचं मूल आई-बाबांच्या अगदी शेजारी. पाच ते अकराचं त्याच रांगेत, मधे फार तर एक सीट. बारा-तेराचं फार तर एक रांग पुढे-मागे. आणि याचा एक पैसाही जादा घ्यायचा नाही. मग सुपरवायझर आल्या, बराच वेळ कीबोर्ड बडवला आणि टोरांटोच्या विमानातल्या सीटा जमवून दिल्या, पाळण्यासकट. पहिल्या विमानाचं काय? "गेटवर बघतील." गेटवर कोणी ढुंकूनही बघितलं नाही.

हे चाललं होतं तेव्हा शेजारच्या काउंटरवर एका काकूंची बॅग उघडायला लावली. आत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. काकू म्हणत होत्या, "अरे पोरा, देवीच्या ओटीचं आहे ते," आणि समोरचा नुसता "नॉट अलाउड" म्हणत होता. खरं तर कारण सोपं आहे. खोबऱ्यात तेल एवढं असतं की ते तापून आपोआप पेट घेऊ शकतं. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला चक्क नंबर आहे, १३६३. हे दोन वाक्यांत सांगितलं असतं तर काकूंनी स्वतःच वाट्या काढून दिल्या असत्या. आमच्या कांदा-लसूण चटणीतलं किसलेलं, भाजलेलं खोबरं मात्र बिनबोभाट पार झालं.

आता बाबागाडी. मुंबईत विमानाच्या दारात ती घडी करून दिली, टॅग लागला. मधल्या विमानतळावर दारातच परत मिळेल ना, हे दोनदा विचारलं. दोनदा "हो" आलं. तिथे उतरलो तर बाबागाडी नाही. ट्रान्स्फर डेस्कवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "टोरांटोला मिळेल." रात्रीचे दोन वाजलेले. विमानतळाच्या फुकट गाड्या असतात म्हणे, त्या सगळ्या लोकांनी आधीच नेलेल्या. साडेआठ किलोची पोर कडेवर घेऊन सहा तास काढायचे होते. शेवटी ओढणीची झोळी करून ती नवऱ्याच्या गळ्यात अडकवली. धाकटी झोपली, नवऱ्याची मान मात्र पुढचे चार दिवस एकाच बाजूला.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. चाइल्ड मील सगळ्यांच्या आधी येतं, ही सोय चांगली. पण त्यातला गारढोण पास्ता थोरल्याने हुंगून बाजूला सारला आणि आईने बांधून दिलेल्या दशम्या शेंगदाण्याच्या चटणीशी खाल्ल्या.

आता ते दोन तारे. मुंबईहून सुटलेल्या विमानात मागच्या गॅलीतली एक मुलगी स्वतःहून उठली, ३८ व्या रांगेतल्या दोघांशी बोलली आणि दहा मिनिटांत आम्हाला एकत्र बसवून मोकळी झाली. सिस्टम वगैरे काही आडवं आलं नाही. पुढच्या साडेतेरा तासांच्या विमानातही अशीच एक दुसरी मुलगी भेटली. दुधाची बाटली गरम पाण्याच्या भांड्यात धरायची, थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून बघायची आणि मगच माझ्या हातात द्यायची. अटलांटिकवर विमान सारखं हलत होतं. सीटबेल्टची खूण पेटली की पाळण्यातलं बाळ उचलून मांडीवर बांधावं लागतं. नियम रास्तच आहे. पण प्रत्येक वेळी ती आधी येऊन हळूच सांगायची, वरून घोषणा होऊन पोर दचकण्याआधी. विमान खाली यायला लागलं तेव्हा म्हणाली, "आता पाजायला घ्या. गिळत राहिली की कान दुखत नाहीत." धाकटी रडली नाही. पुढच्या रांगेतलं बाळ टेकेपर्यंत किंचाळत होतं, तिकडेही मग हीच धावली.

टोरांटोला इमिग्रेशनचं काम सुरळीत झालं. कागद बघितले, इथला पत्ता विचारला, दागिन्यांच्या फोटोंसकट केलेली सामानाची यादी कस्टम्सवाल्याने शिक्का मारून परत दिली. मग बाबागाडी आली. मोठ्या सामानाच्या पट्ट्यावर, पुढचं चाक तुटून लोंबत.

अशा वेळी विमानतळाबाहेर पडू नका. तिथल्या तिथे सामानाच्या काउंटरवर नुकसानीचा रिपोर्ट करून त्याचा नंबर घ्या, फोटो काढा. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासासाठीच्या माँट्रियल करारानुसार मोडलेल्या सामानाची लेखी तक्रार सात दिवसांत करावी लागते, उशिरा आलेल्याची एकवीस दिवसांत. आम्ही तिसऱ्याच दिवशी केली. उत्तरादाखल कंपनीने दिलगिरी कळवली आणि पुढच्या तिकिटावर सूट देणारं व्हाउचर पाठवलं, एका वर्षात वापरायचं. आत्ताच संसार हलवलाय, वर्षात कुठे निघणार? व्हाउचर नको, गाडीचे पैसे द्या, असं पावती जोडून कळवलंय. पैसे आले तर तिसरा तारा देईन. त्या दोघींची नावं लिहून कौतुकाचा वेगळा ईमेलही केला होता, त्याचं उत्तर मात्र दोन तासांत आलं.