तार आवळण्यापलीकडचे काम करणारे धुळ्यातील एक सायकल दुकान

लळिंगचा घाट उतरताना ब्रेकची लिव्हर बोटभरही आत जात नव्हती, इतकी तार ताणलेली होती; तरीही सायकल हव्या त्या जागी थांबत नव्हती. त्याआधी दोन ठिकाणी दुरुस्तीच्या नावाखाली तेवढी तारच आवळून मिळाली होती, त्यामुळे आग्रा रोडमागच्या गल्लीतील या लहानशा दुकानात मी फारशी अपेक्षा न ठेवता गेलो.

कारागिराने पान्याला हात लावण्याआधी रिमवरून बोट फिरवले आणि ते काळे, तेलकट बोट माझ्यासमोर धरले. "भाऊ, तारमा काही दोष नही शे," एवढेच तो म्हणाला. साखळीवर मी हौसेने मारलेला तेलाचा फवारा रिमवर उडाला होता! त्याने दोन्ही रिमा स्पिरिटने पुसल्या, ब्रेकची रबरे काढून त्यांच्यावरचा चकाकता, कडक थर पॉलिश पेपरवर घासला आणि रबरात रुतलेले ॲल्युमिनियमचे बारीक कण सुईने एकेक करून उपटले. रबरे परत बसवताना ती टायरला घासणार नाहीत आणि रिमच्या खालीही उतरणार नाहीत, हे त्याने वाकून पाहिले. मागच्या कडेखाली जाड कागदाची घडी धरून पुढची कड रिमला आधी टेकेल असा किंचित कल दिला, ज्यामुळे ब्रेकचे किंचाळणे थांबले. एक बाजू आधी चिकटत होती, ती बाजूच्या छोट्या स्क्रूने सारखी केली. तार मात्र त्याने उलट थोडी सैलच केली, कारण लिव्हर थोडी आत आल्यावर बोटांना जोर लावता येतो.

मजुरी दीडशे रुपये झाली. कामाला दोन तास लागले, बसायला जागा नाही, पावती मिळत नाही आणि दरही आधी विचारल्याशिवाय कळत नाही. त्याहून मोठी उणीव म्हणजे दुकानात फक्त स्वस्त, कडक रबरे मिळतात. तारेऐवजी दांड्याने ओढल्या जाणाऱ्या ब्रेकच्या जुन्या सायकलीही येथे दुरुस्तीला घेतात, मात्र त्यांच्या स्टीलच्या रिमला पावसात अशी पकड येणार नाही, हे तो गिऱ्हाइकाला आधीच सांगतो.

पुढच्या रविवारी त्याच उतारावर पुढचा ब्रेक दोन बोटांनी लागला. लांब तारेमुळे मागचा थोडा मवाळ आहे. पावसाळ्याआधी मी पुन्हा जाणार आहे, मऊ रबरे सोबत घेऊन.