‘आयजूच येयात’: पणजीतील एका रेटिना चिकित्सालयाचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस गोव्यातल्या साखळी गावावर रोज संध्याकाळी गडगडत होता, त्यामुळे रात्री दिवा मालवल्यावर डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कडेला वीज लखलखल्यासारखे दिसले तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. मात्र त्यामागून गडगडाट आला नाही, आणि डोळे मिटून कूस बदलली तरी तीच कमानीसारखी चमक पुन्हा उमटली. सकाळी चुन्याच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिले, तर कोणी मिऱ्याची पूड फुंकरीने उडवावी तसे बारीक काळे कण नजरेसमोर तरंगत होते. डोळा फिरवला की तेही फिरत आणि डोळा थांबल्यावर क्षणभर पुढे वाहत जाऊन मग स्थिरावत. दुखत मात्र काहीच नव्हते. रेटिनाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याला, वेदनेची जाणीवच नसते, हे मला दोन दिवसांनंतर कळले.

माझे वय ६१ आहे आणि शाळेत असल्यापासून मला जाड भिंगांचा चष्मा आहे. सध्याचा नंबर मायनस आठ. एक लांबट धागा गेली वीस वर्षे माझ्या नजरेसमोर तरंगतो आहे आणि मला त्याची सवय झाली आहे. म्हणूनच हे नवे कण वेगळे आहेत, हे मला लगेच जाणवले. त्याच दिवशी घराजवळच्या एका नेत्रतपासणी केंद्रात गेले. तेथे यंत्रावर नंबर काढला, अक्षरे वाचून घेतली, ‘वयोमानाने असे होते’ असे सांगितले आणि डोळे ओले ठेवणारे थेंब लिहून दिले. बाहुली मोठी करणारे औषध घातले नाही, की आतला पडदा पाहिला नाही. वयोमानाने होते हे खरेच होते. परंतु वयोमानाने होणाऱ्या त्या घटनेतून पडद्याला चीर तर पडली नाही ना, हे पाहणे हाच तपासणीचा गाभा होता आणि तोच राहून गेला. याचे मला आजही वाईट वाटते, कारण त्या दिवशी माझ्यामागे रांगेत बसलेल्या माणसालाही हेच उत्तर मिळाले असण्याची शक्यता आहे.

दुसऱ्या दिवशी भाच्याच्या आग्रहाने पणजीतील एका रेटिना चिकित्सालयात फोन केला. या अभिप्रायात मला मुख्यतः त्या फोनविषयीच लिहायचे आहे. चिकित्सालयाचे नाव मुद्दाम देत नाही. येथे जे चांगले दिसले ते प्रत्येक नेत्रचिकित्सालयाकडून मागता आले पाहिजे, असे मला वाटते. मी सवयीने ‘पुढच्या आठवड्यातील वेळ मिळेल का?’ असे विचारले. पलीकडच्या मुलीने वेळ देण्याआधी मलाच प्रश्न विचारले: कण कधीपासून दिसतात आणि कालच्यापेक्षा वाढले आहेत का, चमक दिसते का, नजरेच्या कोणत्याही बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली आली आहे का, चष्म्याचा नंबर किती, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा डोळ्याला मार असे काही झाले आहे का, घरात कोणाच्या डोळ्याचा आतला पडदा जागेवरून सरकला होता का. उत्तरे ऐकून ती शांतपणे कोंकणीत म्हणाली, “आयजूच येयात, फाल्यां नाका” (आजच या, उद्या नको). त्यापुढे तिने बजावले की स्वतः गाडी चालवू नये, कारण बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांमुळे चार-सहा तास नजर धूसर राहते, आणि वाटेत सावली दिसू लागली तर पोहोचताच सर्वप्रथम तेच सांगावे. ती डॉक्टर नव्हती. मात्र कोणते रुग्ण थांबू शकतात आणि कोणते थांबू शकत नाहीत, हे तिला कोणीतरी नीट शिकवले होते. माझ्या लेखी त्या चिकित्सालयातील कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा या शिकवणीचे मोल अधिक आहे.

आमोणे, माशेल, बाणस्तारी करत आम्ही दुपारी पणजीला पोहोचलो. थेंब घालून अर्धा-पाऊण तास बसवल्यावर डॉक्टरांनी मला आडवे झोपवले, कपाळावर दिवा बांधला, हातात भिंग घेतले आणि वर, खाली, नाकाकडे, कानाकडे असे पाहायला सांगत पडद्याचा कोपरान् कोपरा तपासला. पापणीवरून एका बोथट दांडीने डोळा किंचित दाबून अगदी कडेचा भागही पाहिला. हे दाबणे सुखाचे नसते, पण सोसण्यासारखे असते. डाव्या डोळ्यात वरच्या-बाहेरच्या भागात घोड्याच्या नालेच्या आकाराची एक चीर सापडली. पडदा अजून जागेवर होता.

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले. डोळ्याच्या पोकळीत जेलीसारखा पारदर्शक पदार्थ असतो आणि त्यात जवळजवळ सगळे पाणीच असते. साधारणपणे पन्नाशीनंतर तो आकसतो आणि मागच्या पडद्यापासून सुटू लागतो. मोठा मायनस नंबर असलेल्यांचा डोळा लांबट आणि पडदा ताणलेला असल्याने त्यांच्यात हे लवकर घडते. सुटताना तो पडद्याला ओढतो. पडद्याला प्रकाशाखेरीज दुसरी भाषा येत नसल्यामुळे ती ओढ आपल्याला चमक म्हणून दिसते. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट तेथेच संपते. पण अशी नवी लक्षणे घेऊन येणाऱ्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांत चीर आढळते. पावसाळ्यात भिंतीत पाणी मुरले की रंगाचा पापुद्रा फुगून सुटतो, तसा चिरेतून मागे शिरलेला द्रव पडद्याला भिंतीपासून सोडवतो. माझी चीर वरच्या बाजूला असल्यामुळे द्रव खाली उतरून हे काम वेगाने झाले असते, आणि सावली मात्र मला खालून वर चढताना दिसली असती, कारण पडद्यावर चित्र उलटे पडते. पडद्याच्या मधोमध असलेला, वाचण्याचा आणि चेहरे ओळखण्याचा बिंदू सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर नजर चांगली राहण्याची शक्यता खूप अधिक असते. तो सुटल्यानंतर पडदा जागेवर बसवता आला तरी अक्षरे पूर्वीसारखी दिसतीलच असे नाही.

चीर शोधून तीच बंद करावी, हा विचार स्वित्झर्लंडमधील लोझानच्या ज्यूल्स गोनिन यांनी १९२०च्या दशकात मांडून सिद्ध केला. त्यापूर्वी सरकलेला पडदा म्हणजे जवळपास हमखास अंधत्व होते. माझ्या चिरेभोवती लेसरच्या तीन रांगा मारल्या. हिरवा लखलखाट, डोळ्यावर बसवलेले भिंग, अधूनमधून एखादी टोचणी, आणि साधारण वीस मिनिटांत काम झाले. खर्च आधी सांगितला होता. लेसरचे हे वण पक्के व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून जड उचलणे वगैरे बंद ठेवायला सांगितले. लेसर सुटलेला पडदा परत चिकटवत नाही, तो न सुटलेल्या पडद्याला कुंपण घालतो, हेही स्पष्ट केले. कण आणि चमक लेसरमुळे लगेच थांबणार नाहीत, पण त्यात एकाएकी वाढ झाली तर आधी वेळ न ठरवता थेट यावे आणि रात्र असेल तर बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, तातडीच्या विभागात जावे, असेही सांगितले. हे शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटले, कारण आपल्या दाराला कुलूप असताना रुग्णाने कोठे जावे हे सांगणारी खासगी चिकित्सालये मी थोडी पाहिली आहेत.

शेजारी बसलेल्या बेळगावच्या एका गृहस्थांच्या पडद्यावर शस्त्रक्रिया होऊन डोळ्यात वायू भरलेला होता. उंचीवर वायू फुगून डोळ्यातील दाब वाढतो, म्हणून वायू पूर्ण विरेपर्यंत त्यांना विमानप्रवास मना होता, आणि चोर्ला घाटाविषयीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघायचे नाही असे सांगितले होते. गोव्यातून बेळगावकडे जायचे तर घाट चढावाच लागतो, तेव्हा ही सूचना येथे प्रत्येक वेळी आपणहून दिली गेली पाहिजे.

उणिवा दोन सांगते. बाहुल्या मोठ्या झालेल्या रुग्णांना उतरायला जो जिना आहे, त्याच्या पायऱ्या एकाच करड्या रंगाच्या आहेत. माझ्यापुढच्या वृद्ध बाई शेवटची पायरी चुकल्या आणि माझ्या भाच्याने त्यांना सावरले. पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा मारण्याचे काम एका दिवसाचे आहे. दुसरी उणीव मला अधिक खुपते: घरी नेण्याचा सूचनांचा कागद आणि संमतिपत्र दोन्ही केवळ इंग्रजीत आहेत. सत्तरी, डिचोली, पेडणे या तालुक्यांतून येणाऱ्या माझ्या वयाच्या कितीतरी माणसांना मराठी वा कोंकणी सहज वाचता येते, इंग्रजी येत नाही. ‘सावली दिसली तर त्याच दिवशी या’ हे वाक्य ज्याला वाचता येत नाही, त्याच्या हातात तो कागद असून नसल्यासारखा आहे. फोनवर कोंकणीत इतकी नेमकी विचारपूस करणाऱ्या संस्थेला हे अवघड नाही.

सहा आठवड्यांच्या तपासणीत डाव्या डोळ्यातील वण पक्के दिसले. उजव्या डोळ्यात पडद्याचा एक विरळ पट्टा आढळला आहे, त्याला सध्या लेसर नको, पण दरवर्षी तपासणी हवी. जाताना मी त्या सूचनांच्या कागदाचे मराठी भाषांतर ठळक अक्षरांत लिहून नेले होते. फोनवर बोललेली तीच मुलगी काउंटरवर होती. तिने तो कागद उभ्याने पूर्ण वाचला, ‘सावली’ या शब्दाखाली पेनाने रेघ ओढली आणि डॉक्टरांच्या खोलीत घेऊन गेली.