मान्यता टक्केवारी की थेट लढतीचा कौल?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष दुसऱ्यांदा उभे राहणार असतील, तर वर्षभर आधी निकालाचा अंदाज बांधताना मान्यता टक्केवारीवर, म्हणजे त्यांचे काम पसंत असल्याचे सांगणाऱ्यांच्या प्रमाणावर, भर द्या. त्या वेळी विरोधी उमेदवार ठरलेला नसतो; थेट लढतीचे, म्हणजे ‘दोघांपैकी मत कुणाला?’ या प्रश्नाचे, आकडे तेव्हा निव्वळ कल्पनेवर उभे असतात. मात्र एखादी उसळी खरी मानू नका. आखाती युद्धानंतर, १९९१ मध्ये, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांना गॅलप या जनमत चाचणी संस्थेने ८९ टक्के मान्यता दाखवली. १९९२ मध्ये ते हरले. निवडणुकीच्या तोंडावरची मान्यता मात्र मतांच्या जवळ जाते: २०२० मध्ये ट्रम्प यांची गॅलपमधली मान्यता ४६ टक्के होती, मते पडली ४६.८ टक्के.

शेवटच्या दोन महिन्यांत थेट लढतीचे कौल घ्या, तेही राज्यवार, कारण राष्ट्राध्यक्ष देशभरच्या एकूण मतांवर नव्हे, राज्याराज्यांतल्या निकालांवर ठरतो. २०२०च्या निकालात बायडेन देशभरात साडेचार टक्क्यांनी पुढे होते, विस्कॉन्सिनमध्ये जेमतेम ०.६ टक्क्याने.

आकड्याआधी नमुना, म्हणजे कोणाला आणि किती जणांना विचारले ते, वाचा. मान्यता बहुधा सर्व प्रौढांना विचारतात, लढत नोंदणीकृत किंवा संभाव्य मतदारांना. दोन्ही आकडे थेट ताडून पाहणे चूकच. हजार जणांच्या नमुन्यात प्रत्येक आकड्याला सुमारे ±३ टक्के त्रुटी असते, आघाडीला जवळपास दुप्पट. म्हणजे ४८ विरुद्ध ४५ ही आघाडी म्हणायचीच नाही.