गणपतीला गावी जाताना सामान कुठे टाकायचं: डिकी, कॅरिअर की रूफ बॉक्स?

गणपती जवळ आले की हा प्रश्न हमखास निघतो आणि सगळे विचारतात कशात जास्त मावतं. माझं म्हणणं, आधी वजन बघा, आकाराचं नंतर.

डिकी अर्थातच पहिली, फुकट आहे, सामान भिजत नाही. पण सीएनजी हॅचबॅक असेल तर सिलिंडरनेच डिकी खाल्लेली असते, उरलेल्या फटीत दोन सॅक कोंबायच्या बस. अर्टिगाला तिन्ही रांगा उभ्या असताना 209 लिटर डिकी, म्हणजे सात जण बसले की जागा स्विफ्टपेक्षाही कमी, आणि शेवटची रांग पाडली की तीच 550 लिटर. त्यामुळे अर्टिगात पाच जण असाल तर कॅरिअरचा विषयच काढू नका.

जड वस्तू खाली, मागच्या सीटच्या पाठीला अगदी टेकवून, आणि सीटच्या उंचीच्या वर काही रचायचं नाही. मागच्या काचेखालच्या ट्रेवर लोक काय काय ठेवतात बघा, टॉर्च, बाटल्या, नारळसुद्धा! 50 च्या स्पीडला गाडी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर आतली सुटी वस्तू स्वतःच्या वजनाच्या साधारण 20 पट जोराने पुढे येते, म्हणजे 5 लिटर तेलाचा डबा 90 किलोच्या जोराने, तो पण पुढच्याच्या मानेवर. मागे कोणी बसणार नसेल तरी तिथले सीटबेल्ट लावून ठेवा, सीटच्या पाठीला तेवढाच आधार. आणि पेणहून मूर्ती घेणार असाल तर मांडीवर नको, पुढच्या सीटमागे पायाशी उशा लावून ठेवा, बाप्पा रागावणार नाहीत.

कॅरिअर स्वस्त, आणि सीएनजीवाल्यांना बऱ्याचदा दुसरा इलाजच नसतो. पण छताला मर्यादा असते, ती गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते आणि बऱ्याच छोट्या गाड्यांना ती 50 किलोच्या आसपास असते, त्यात कॅरिअरचं वजनही आलं. लोखंडी कॅरिअर 15 किलोचा धरला तर उरले 35, मग तांदळाची गोणी वर टाकायचा विचार सोडा. वर फक्त हलकं आणि मोठं: गाद्या, कपड्यांच्या बॅगा, मखराचे सुटे भाग. वर वजन वाढलं की आंबा घाटाच्या वळणांवर गाडी कशी कलते ते स्टिअरिंगवर लगेच कळतं. अजून एक, काही गाड्यांच्या रूफ रेल, म्हणजे छताच्या दोन्ही कडांच्या लांब दांड्या, निव्वळ शोभेच्या असतात, त्यावर कॅरिअर आवळण्याआधी मॅन्युअल वाचाच.

रूफ बॉक्स, म्हणजे छतावर बसवायची बंद पेटी, दिसायला भारी, कुलूप लागतं, पावसात सामान कोरडं राहतं. पण महाग, आडवे बार वेगळे घ्यावे लागतात, रिकामा बॉक्सच बरंच वजन खातो आणि बाकीचे अकरा महिने फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे? बेसमेंट पार्किंगची उंची पण बघावी लागते. वर्षातून एकदा गावी जाणाऱ्याने घेऊ नये असं माझं स्पष्ट मत.

आता बांधायचं कशाने, कारण खरा घोळ इथेच होतो. हुकवाली रबरी दोरी ताणते, ब्रेक मारला की सामान पुढे आणि हुक सुटला तर कुणाच्या तरी डोळ्यात, ती फक्त ताडपत्री दाबायला ठीक. नायलॉनची दोरी चालते, पण पावसात भिजून सैल पडते आणि घाईत मारलेली सुरगाठ खेडपर्यंत सुटलेली असते. मी रॅचेट पट्टाच सांगेन, म्हणजे खटक्याने आवळायचा जाड पट्टा, दोन आडवे आणि एक पुढून मागे, पुढून मागचा लोक विसरतात आणि ब्रेकला कामाला तोच येतो. पट्ट्याला मध्ये एक पीळ द्या, नाहीतर हायवेला रस्ताभर भुणभुणतो. ताडपत्रीचं टोक पुढच्या बाजूला मोकळं सोडू नका, वारा तिथूनच आत शिरतो. निघाल्यावर 20-25 किमीनंतर थांबून परत आवळा, तोपर्यंत सामान बसलेलं असतं.

सामान बाजूने, मागे-पुढे किंवा वर मर्यादेबाहेर गेलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 20,000 रुपये दंड आहे, त्यामुळे शिडी वगैरे बाहेर काढून नेऊ नका.

थोडक्यात सीएनजी हॅचबॅक आणि चार माणसं असतील तर साधं कॅरिअर आणि रॅचेट पट्टे, बाकीच्यांनी सीट पाडा. परतीला तांदूळ-नारळ जास्त झालेच तर ट्रॅव्हल्सच्या गाडीने पार्सल करा, भाडं जाईल पण छत वाचेल.