डेंटनमधल्या चार केसेस

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे घरात इतक्यांदा ऐकलंय, की कोर्टाची वेबसाइटसुद्धा मी कधी उघडली नव्हती. त्याचे ७,२०० डॉलर पडले. वर आणखी ९०, ते वेगळेच.

आम्ही टेक्ससमध्ये फ्रिस्कोला राहतो. इकडे वसंतात गारपीट होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रूफिंगवाले, म्हणजे छप्पर बदलून देणारे, दारात हजर. आमच्याकडे आलेला भलताच गोडबोल्या होता. शिडी लावून वर गेला, फोटो दाखवले, म्हणाला, "इन्शुरन्सचा पहिला चेक तेवढा द्या, डिडक्टिबल मी सोडून देतो." डिडक्टिबल म्हणजे विम्यात आपण स्वतःच्या खिशातून भरायचा हिस्सा. कंत्राटदाराने असं डिडक्टिबल सोडून देणं टेक्ससमध्ये २०१९पासून बेकायदा आहे. मला कुठलं माहीत! रूफिंगवाल्याला इथे राज्याचं लायसन्सही लागत नाही. केस कापणाऱ्याला लागतं, छप्पर उघडणाऱ्याला नाही.

७,२०० डॉलरचा चेक वटला. अंगणात त्याच्या कंपनीची पाटी लागली, छपरावर निळी ताडपत्री आली. मग फोन बंद.

आता याची कुंडली काढू म्हणून नेटवर शोधलं, तर पहिलीच साइट तराजूचं चित्र लावून बसलेली. मला वाटलं सरकारी. नाव टाकलं, पट्टी भरत गेली, ‘कोर्ट रेकॉर्ड सापडलं, बघायला १ डॉलर’. रिपोर्टमध्ये त्याच नावाची ओहायोतली तीन माणसं. तो डॉलर म्हणजे साइटच्या वर्गणीची ट्रायल होती. पुढचे तीन महिने कार्डावरून दरमहा ३० डॉलर गेले, तेव्हा लक्षात आलं.

शेजारच्या वहिनी वकिलाच्या ऑफिसात काम करतात. हे ऐकून म्हणाल्या, "अहो भावजी, ते तर काउंटीच्या साइटवर फुकट दिसतं." काउंटी म्हणजे इथला जिल्हा.

मी बसलो, काही सापडेना. दोन चुका होत्या. एक म्हणजे मी कंपनीचं नाव टाकत होतो. ती कंपनी नव्हतीच, एकट्या माणसाने घेतलेलं टोपणनाव होतं. असं नाव काउंटी क्लर्ककडे, म्हणजे काउंटीचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदवावं लागतं, त्या नोंदीत खऱ्या मालकाचं नाव मिळतं. (मला त्याने सांगितलेलं नाव अर्धंच होतं.) दुसरी चूक मजेशीर आहे. फ्रिस्को दोन काउंट्यांत पसरलंय, कॉलिन आणि डेंटन. आमचं घर कॉलिनमध्ये, म्हणून मी मॅकिनीचं, म्हणजे कॉलिनच्या मुख्य गावचं, दप्तर धुंडाळत होतो. याचा पत्ता डेंटनचा. तिथे पूर्ण नाव टाकलं आणि चार केसेस निघाल्या. चारही जेपी कोर्टात, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, चारही छपराच्या पैशांच्या. शिडी लागायच्या आधी बघितलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. गावाकडे जमीन घेताना सातबारा बघितल्याशिवाय विसार देत नाही मी!

जेपी कोर्ट म्हणजे जस्टिस ऑफ द पीस, २०,००० डॉलरपर्यंतचे दावे तिथे चालतात. त्यावरच्या रकमेला काउंटी कोर्ट ॲट लॉ किंवा डिस्ट्रिक्ट कोर्ट. डिस्ट्रिक्ट कोर्टाची कागदपत्रं डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे असतात, काउंटी क्लर्ककडे नव्हे. एकीकडे नाही मिळालं म्हणून केस नाही असं समजू नका. शिक्क्याची प्रत हवी असेल तर काउंटी क्लर्ककडे पानाला १ डॉलर आणि शिक्क्याचे ५. कुठलाही एजंट लागत नाही.

मीही दावा लावला. फी ५४ डॉलर, समन्स पोचवायचे वेगळे. वकील केला नाही. रूफिंगवाला आलाच नाही, एकतर्फी निकाल माझ्या बाजूने लागला. पैसे मात्र अजून नाहीत. टेक्ससमध्ये असल्या देण्यासाठी पगारातून कापून घेता येत नाही, राहत्या घरावर बोजाही चढत नाही. निकालाचा उतारा डेंटनच्या काउंटी क्लर्ककडे नोंदवून ठेवलाय. उद्या त्याने तिथे दुसरी जमीन घेतली तर तिच्यावर माझा बोजा लागेल.

तोवर त्याच्या नावावर डेंटनमध्ये चार केसेस दिसतात आणि कॉलिनमध्ये एक. ती माझी.